चाकावरचे पहिले वीस मग

पहिला महिनाभर एकच आकार करा: सरळ भिंतीचा, दांडा नसलेला मग. चाक फिरताना माती आपसूक बाहेर पसरते, त्यामुळे वाडगा चुकूनही जमतो. भिंत सरळ उभी करायला मात्र हात तयार व्हावा लागतो.

माती स्टोनवेअरची, म्हणजे १२०० अंशांच्या आसपास भाजून पक्की होणारी, घ्या. कुंभाराची लाल माती १२०० अंशांना नेली तर भांडं बसतं, प्रसंगी वितळून भट्टीच्या फळीला चिकटतं, आणि फळी महाग असते. ४५० ग्रॅमचे गोळे वजन करूनच बनवा. मळून झालेला गोळा तारेने कापून पाहा. भोकं दिसली तर पुन्हा मळा, कारण भिंत ओढताना, म्हणजे बोटांच्या चिमटीत माती वर चढवताना, बोट तिथेच अडखळतं. भट्टीत भांडं 'हवेमुळे फुटतं' हे अर्धसत्य आहे. फोडते ती आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो गोळा मध्यावर आणण्यात. चाक वेगात ठेवा, डावं कोपर मांडीला टेकवा आणि जोर मनगटातून न लावता अंग पुढे झुकवून लावा. गोळा दोन-तीनदा शंकूसारखा वर चढवा, पुन्हा खाली दाबा. हात स्थिर राहिला आणि तरी गोळा त्याला धक्के देत नसेल, तर मध्य सापडला. हात मात्र सावकाश काढा. झटक्यात काढला की गोळा तिथेच डळमळतो, आणि दोष चाकाला दिला जातो.

आता अंगठ्याने मध्ये खड्डा करा. तळ ८ मिलिमीटर राहिला की थांबा; सुई टोचून मोजा. मग बोटांनी तळ कडेकडून मध्याकडे चार-पाच वेळा दाबून घ्या. ही पायरी सगळे टाळतात. तळाची माती दाबली गेली नाही किंवा आत पाणी साचू दिलं, तर सुकताना तळाला नागमोडी तडा जातो. तो कधी कधी भट्टीतून काढल्यावरच दिसतो.

भिंत ओढताना चाकाचा वेग निम्मा करा. तीन, फार तर चार वेळा ओढा. त्यापुढे माती पाणी पिऊन थकते आणि कोसळते. प्रत्येक वेळी काठ बोटाने हलका दाबा, नाहीतर तो चिरतो.

मग झाला की तो तारेने उभा चिरा. हो, जमलेलासुद्धा. कापलेल्या बाजूला बहुधा एकच गोष्ट दिसते: वर ४ मिलिमीटरची भिंत आणि खाली कोपऱ्यात बोटभर जाड माती. ओढायला सुरुवात तळाच्या जरा वरून केली, म्हणून ती तिथेच राहिली. पुढच्या गोळ्याला बाहेरचं बोट अगदी चाकाच्या पाटीपासून आत रोवा. असे वीस कापल्यावर एकविसावा भाजायला ठेवा.

सुकवताना वर सैल प्लॅस्टिक टाका. काठ आधी सुकला आणि तळ ओला राहिला तर दोन्ही एकमेकांना ओढतात. स्टोनवेअर पक्कं भाजेपर्यंत साधारण १२ टक्के आटतं. १० सेंटिमीटरचा मग ८.८ चा होतो.

पहिली भाजणी १००० अंशांची. १०० अंशांखाली काही तास थांबा. ५७३ अंशांच्या आसपासही भट्टी सावकाश चढवा, कारण तिथे मातीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो. त्यानंतर ग्लेझ, म्हणजे दुसऱ्या भाजणीत वितळून भांड्यावर काचेसारखा थर होणारं द्रावण. ते दुधावरच्या पातळ सायीइतकं दाट हवं. भांडं तीन सेकंद बुडवा आणि तळापासून ३ मिलिमीटर ओल्या स्पंजने पुसून कोरं ठेवा.

नवं काही करून पाहायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदला: काठ, किंवा उंची, किंवा ग्लेझ. मग ओला असतानाच तळाला आकडा कोरा आणि वहीत त्या आकड्यासमोर वजन, उंची, ग्लेझमध्ये बुडवल्याचे सेकंद आणि भट्टीतली जागा लिहा. वरच्या आणि खालच्या फळीवर तेच ग्लेझ वेगळं उतरतं.