पीसी आपोआप रिस्टार्ट होत होता: दोष एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) निघाला

घरचा पीसी साध्या कामाला नीट चालायचा, पण मुलाने गेम लावला की फटकन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. आधी विंडोजच्या सिस्टिम फेल्युअर सेटिंगमधली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढली. तरी एररची निळी स्क्रीन दिसेना. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त 'कर्नल-पॉवर ४१'. ही नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कारण सांगत नाही. त्यावरून विंडोज फॉरमॅट मारायला घेऊ नका, कळकळीने सांगतो.

प्रोसेसरचं तापमान ठीक होतं, रॅमची टेस्टही पास.

मग व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर काढला. एसएमपीएसच्या मोकळ्या चार पिनी कनेक्टरमध्ये काळ्या वायरवर काळी प्रोब, पिवळीवर लाल. एरवी १२ व्होल्टच्या आसपास, पण गेम सुरू होताच काटा ११.२ वर. इथे ११.४ च्या खाली जायला नको. जाळीतून टॉर्च मारला तर आत एक कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) फुगलेला स्पष्ट दिसत होता. एसएमपीएस उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज राहतो. सरळ नवा, चांगल्या वॉटेजचा बसवला. आता गेम तासन्‌तास चालतो.