ट्रायकोमोनासमध्ये ट्रान्स्क्रिप्शन नेमकं कुठून सुरू होतं, हे शोधताना

ट्रायकोमोनास व्हजायनालिस या एकपेशीय परजीवीच्या जनुकासमोर टाटा बॉक्स (इतर अनेक जीवांत ट्रान्स्क्रिप्शनची, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनण्याची, जागा दाखवणारा क्रम) शोधत बसू नका. सवयीने एटीजीच्या, म्हणजे प्रथिनाचा संदेश जिथे सुरू होतो त्या तीन बेसच्या, आधीचे हजारभर बेस चाळले जातात, पण इथे सगळं एटीजीच्या उंबरठ्यावरच घडतं. सुमारे 75 टक्के जनुकांत एटीजीच्या आधीच्या 20 बेसच्या आत इनिशिएटर, म्हणजे सुरुवात ठरवणारा छोटा क्रम, असतो : टी, सी, ए, मग एखादं पिरिमिडिन (सी किंवा टी), मग टी किंवा ए. त्यातला ए म्हणजेच +1, आरएनएचा पहिला बेस. आयबीपी39 हे प्रथिन एका टोकाने हा क्रम पकडतं आणि दुसऱ्या टोकाने आरएनए बनवणाऱ्या आरएनए पॉलिमरेज 2 या एन्झाइमला.

पण चारही बेस सारखे धरले तरी असा क्रम दर 256 बेसला निव्वळ योगायोगाने येतो. म्हणून पुरावा आरएनएकडून घ्यायचा. साध्या 5-प्राइम रेसवर (आरएनएचं सुरुवातीचं टोक पीसीआरने शोधण्याच्या पद्धतीवर) विसंबू नका. तुटलेल्या आरएनएचं टोकही त्यात ‘सुरुवात’ म्हणून दिसतं, आणि दहा-बारा बेसचा फरक अ‍ॅगरोज जेलवर कळत नाही. कॅप (अखंड आरएनएच्या सुरुवातीला असणारी रासायनिक टोपी) असलेलीच टोकं निवडा. आधी फॉस्फेटेज, म्हणजे तुटलेल्या रेणूंचं टोकाचं फॉस्फेट जातं; मग पायरोफॉस्फेटेजने कॅप काढा, आरएनए अ‍ॅडॅप्टर (माहीत असलेल्या क्रमाचा छोटा तुकडा) जोडा, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शनने आरएनएची डीएनए प्रत करा आणि शेवटी नेस्टेड पीसीआर, म्हणजे आतल्या प्रायमरने दुसऱ्यांदा पीसीआर. एक नळी पायरोफॉस्फेटेजशिवाय ठेवाच. तिच्यातही तोच बॅण्ड आला, तर फॉस्फेटेजचं काम अर्धवट झालेलं आहे.

प्रायमर एटीजीपासून 150 ते 250 बेस आत घ्या. या जीनोममध्ये एकाच कुटुंबातल्या जनुकांच्या भरपूर प्रती आहेत. प्रायमरचं 3-प्राइम टोक भावंडांत वेगळ्या असलेल्या बेसवर बसवलं नाही, तर चार जनुकांची खिचडी वाचायला मिळते.

आता सिक्वेन्स नीट वाचा, चूक बहुतेक वेळा इथेच होते. बऱ्याच अ‍ॅडॅप्टरचा शेवट तीन ए ने होतो, आणि तुमचा +1 सुद्धा ए असतो. सांध्यावर चार ए दिसले तर चौथा तुमचा. सॉफ्टवेअरने अ‍ॅडॅप्टर कापताना तो गेला, की सुरुवात एक बेस पुढे सरकते. क्रोमॅटोग्रामवर ए ची शिखरं बोटाने मोजा, निदान दहा क्लोनमध्ये.

नोंदलेला एटीजी चुकीचा असू शकतो, हेही लक्षात असू द्या. प्रतिलेख (जनुकावरून बनलेला आरएनए) त्याच्या पुढून सुरू होत असेल, तर त्याच फ्रेममधला पुढचा एटीजी तपासा.

आयबीपी39 हा क्रम पकडतं का, हे जेल शिफ्टने (प्रथिन बसलेला डीएनए जेलवर हळू सरकतो, त्यावरून) पाहायचं असेल, तर त्यासाठी केंद्रकांचा अर्क करताना प्रोटिएजचा (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचा) बंदोबस्त लायसिस बफरमध्येच करा. टीएलसीके आणि ल्युपेप्टिन ही प्रोटिएज रोखणारी द्रव्यं आयत्या वेळी घाला, नळ्या बर्फात ठेवा. या जीवात सिस्टीन प्रोटिएज मुबलक असतात आणि आयबीपी39 चे दोन भाग जोडणारा दुवा सहज तुटतो. डीएनए पकडणारा तुकडा तरीही काम करतो, त्यामुळे बॅण्ड नाहीसा होत नाही, फक्त खाली सरकतो. तो नवं प्रथिन समजला जाण्याआधी ताज्या अर्काची लेन शेजारी लावा.