मेंदूतली गुठळी काढताना मॉनिटरिंगच्या या चुका टाळा

डावी एमसीए, म्हणजे मेंदूची मधली धमनी, बंद आहे. रुग्ण पूर्ण भुलीखाली आहे. मॉनिटरिंग म्हणजे हातापायाच्या नर्व्हला विजेचे हलके पल्स देऊन मेंदूत उमटणारा सिग्नल पाहणं. पडद्यावर पायाचा सिग्नल स्वच्छ दिसतो आणि तंत्रज्ञ सांगतो, ‘सगळं ठीक.’ ही चूक फार महागात पडते. पायाच्या संवेदनेचा भाग मेंदूच्या आतल्या कडेला असतो आणि त्याला रक्त पुढच्या धमनीकडून मिळतं. एमसीए हाताचा भाग पोसते. म्हणून आधी उजव्या मनगटाला मीडियन नर्व्हवर (हाताच्या मधल्या नर्व्हवर) ०.२ मिलिसेकंदाचे पल्स द्या, अंगठा हलेपर्यंत करंट वाढवा आणि सीपी३ वर (डोक्याच्या डाव्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर) एन२०, म्हणजे हाताच्या संवेदनेची मेंदूतली लहर, शोधा. तो सुरुवातीपासूनच नसेल तर मशीनला दोष देण्याआधी कॉलरबोनजवळचा एन९ (मेंदूकडे जाताना वाटेत नोंदणारी लहर) पाहा. एन९ शाबूत असेल तर नर्व्ह आणि स्टिम्युलेटर ठीक आहेत, अडचण वर आहे. एन२० चांगला असला तरी हातात ताकद आहे असं समजू नका. खोलवरच्या बारीक धमन्या बंद असतील तर हालचालीचा मार्ग जातो आणि संवेदनेचा टिकतो.

दुसरी चूक भुलीच्या औषधाची. स्टेंट रिट्रीव्हर (गुठळी पकडून ओढणारी जाळी) ओढायच्या बेतात रुग्ण हलतो, प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचा बोलस (एकदम दिलेला डोस) जातो आणि मॉनिटरवाल्याला कोणी सांगत नाही. थोड्याच वेळात एन२० निम्म्याहून खाली येतो, ‘सिग्नल गेला’ अशी ओरड होते, ऑपरेटरचे (गुठळी काढणाऱ्या डॉक्टरचे) हात थांबतात. अशा वेळी आधी निरोगी बाजू बघावी. दोन्ही बाजू पडल्या, ईईजीही (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) दोन्हीकडे मंदावला आणि एन९ जागेवर असला, तर बहुधा औषधाचा परिणाम आहे. फक्त आजारी बाजू पडली तर लगेच रक्तदाब विचारा. बोलसने सिस्टोलिक १७० वरून ११० वर आला असेल, तर आजूबाजूच्या वाटांनी येणारं रक्तही आटतं. तिथे गप्प बसणं अक्षम्य आहे. म्हणून प्रत्येक बोलसची वेळ ट्रेसवरच लिहावी. ‘नंतर आठवेल’ म्हणणाऱ्या नवशिक्यांना ती कधीच आठवत नाही.

स्टिम्युलेशन ५ हर्ट्झवर (सेकंदाला ५ पल्स) ठेवू नका. ५० हर्ट्झच्या विजेचा गोंगाट सरासरीत पक्का बसतो, ४.७ ठेवा.

एमईपीचा (हालचालीचा मार्ग तपासायला डोक्यावर दिलेला) पल्स ऑपरेटरला विचारूनच द्या. दातांमध्ये मऊ बाइट ब्लॉक हवा, आणि रोडमॅप (पडद्यावरचा धमन्यांचा नकाशा) चालू असताना डोकं हललं तर मास्क, म्हणजे त्यामागचं आधारचित्र, बिघडतो.

थ्रॉम्बोलिसिसचं (गुठळी विरघळवणारं) औषध घेतलेल्या रुग्णाला सुया टोचू नका, कप इलेक्ट्रोड लावा. वायरी सी-आर्मच्या (फिरत्या एक्स-रे यंत्राच्या) वाटेतून आणि चित्राच्या चौकटीतून बाहेर काढा.

मांडीतल्या शीथच्या (धमनीत घातलेल्या नळीच्या) बाजूचा पाय सिग्नल देईना आणि गुडघ्यामागचाही सिग्नल नसेल, तर मेंदूआधी पायाची नाडी तपासा.

आणि इलेक्ट्रोड लावायला पंक्चर (मांडीतल्या धमनीत सुई घालणं) थांबवू नका. सुरुवातीला एन२० आणि ईईजी पुरेसे आहेत, उरलेली चॅनेल ऑपरेटर मांडीत काम करत असताना जोडा.