‘मध्ये येतं म्हणून काढलं’: ड्रिल, ग्राइंडर आणि कटर वापरताना या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात दुरुस्तीला आलेलं मशीन मी लगेच उघडत नाही. आधी नुसतं फिरवून बघतो. ग्राइंडरच्या चकतीवरचा गार्ड आहे का, ड्रिलची बाजूची मूठ आहे का, वायरच्या टोकाला टॉप, म्हणजे प्लग, आहे का. बहुतेक वेळा यातलं एक तरी गायब असतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, “काका, ते मध्ये येतं म्हणून काढलं.” आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जळलं तर नवं बसवता येतं. पण माणसाला इजा होते ती बऱ्याचदा या काढून टाकलेल्या वस्तूंपायी.

सुरुवात ग्राइंडरपासून, कारण सगळ्यात जास्त भीती मला त्याचीच वाटते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. हिशेब केला तर चकतीची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने पळत असते. चकती फुटली तर तुकडा त्याच वेगाने सुटतो आणि त्याच्या व तुमच्या तोंडाच्या मध्ये फक्त तो पत्र्याचा गार्ड असतो. मध्ये येणं हेच त्याचं काम! गार्ड नसलेला ग्राइंडर मी आता परत देत नाही, नवा बसवूनच देतो. एकाने तसा नेला आणि तासाभरात फोन केला, “याचा स्क्रू कुठल्या पान्याने सुटतो हो?”

गार्ड काढण्यामागे खरं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं: मोठी चकती बसवायची असते. चार इंचीवर पाच इंची चढवली की तिचा आणि मशीनचा वेग जुळेलच असं नाही. चकतीवर तिचा कमाल आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, छापलेला असतो. तो मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवा. मधल्या धातूच्या कडीवर मुदतीचा महिना आणि वर्ष असतं, तेही बघा. या चकत्या राळेत बांधलेल्या असतात, दमटपणा त्यांना मानवत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात बाल्कनीत चार महिने पडलेली चकती मी तरी लावणार नाही. कापायची पातळ चकती आडवी धरून घासू नका, बाजूचा दाब तिला सोसत नाही. आणि लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावायचं नाही म्हणजे नाही. ते लाकडात अडकलं की मशीन उसळून अंगावर येतं, हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. सुतार सर्रास लावतात हे मला माहीत आहे. त्यांची बोटंही मी पाहिली आहेत.

आता टॉप. मागे एक मार्बल कटर आला होता, वायरची दोन्ही टोकं सोललेली, काळी पडलेली. साइटवर ती बोर्डाच्या भोकात घालून आगपेटीच्या काडीने दाबायचे. हा कटर पाणी मारत चालवायचा असतो, खाली फरशी ओली, पाय अनवाणी. तिथे २३० व्होल्टची उघडी तार! अशा वेळी “आमच्याकडे एमसीबी आहे” म्हणून निश्चिंत राहू नका. एमसीबी जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं तर पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे प्रवाह गळला की वीज तोडणारा स्विच. नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत की वाशी-नेरुळची सिडकोची जुनी घरं, अनेक ठिकाणी तो नसतोच. ओलं काम काढण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघा, पडला पाहिजे.

थ्री-पिनची अर्थिंगची जाड पिन मोडून टॉप दोन भोकांत बसवणारेही भेटतात. मशीनच्या माहितीच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेटेड आहे, त्याला अर्थिंग लागत नाही, त्याची वायरही दोन तारांचीच असते. खूण नसेल तर तिसरी पिन हवीच.

एक्स्टेन्शनबद्दल थोडक्यात. १,२०० वॉटचा कटर पाच अँपिअरच्या वर ओढतो. मोबाइल चार्जरपुरत्या बारीक वायरीच्या एक्स्टेन्शनवर तो लावलात तर वायर तापते, व्होल्टेज पडतं आणि मोटर गुदमरते. रीळवाला बोर्ड असेल तर वायर पूर्ण सोडा, गुंडाळलेली ती आतल्या आत भाजते.

ड्रिलची बाजूची मूठ लोक डब्यातून बाहेरही काढत नाहीत. मग बिट खांबातल्या सळईला लागतो, जागीच अडकतो आणि मशीन मनगटासकट फिरतं. सळई लागली की जोर लावू नका, भोक इंचभर सरकवा. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली कधीच भोक पाडू नका, कन्सील, म्हणजे भिंतीत दडवलेली, वायर तिथूनच जाते. सुती हातमोजे, मनगटावरचा गंडा, ओढणी, मोकळे केस, सगळं बिट धरणाऱ्या चकमध्ये गुंडाळलं जातं. डोळ्यांवर मात्र गॉगल हवाच, नंबरचा चष्मा बाजूने उघडा असतो.

“भिंतीत जातच नाही, मशीन गेलं” म्हणत घोडबंदर रोडवरून एक गृहस्थ रिक्षाने आले होते. ड्रिल उलटं फिरत होतं. रिव्हर्सचं बटण दाबलं, निघाले. तेव्हा आधी ते बघा, मग हॅमरची, म्हणजे ठोके देत भोक पाडण्याची, खूण, मग बिट काँक्रीटचा आहे की लोखंडाचा. टाइलवर मात्र वरचा चकचकीत थर पार होईपर्यंत हॅमर बंद.

काम चालू असताना लाइट गेली तर पहिलं काम टॉप काढणं. ग्राइंडरचं सरकतं बटण चालूवरच राहतं, आपण चहाला जातो, लाइट येते आणि मशीन एकटंच फरशीवर धावत सुटतं. चकती बदलतानाही बटणावर विसंबू नका, टॉप काढूनच ठेवा.

जाळीतून कार्बनजवळ, म्हणजे मोटरला वीज पोहोचवणाऱ्या ब्रशजवळ, बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका. आगीचं कडं फिरताना दिसलं किंवा जळका वास आला तर थांबा. कार्बन झिजले असतील तर दोन्ही एकदम बदला. आणि हाताला मुंग्या आल्या, म्हणजे करंट लागतोय असं वाटलं, तर मशीन पुन्हा “बघू तरी” म्हणून चालू करू नका. भिंतीवरचा स्विच बंद करून मगच टॉप काढा. दुरुस्तीला आणाल तेव्हा “मुंग्या येतात” हे काउंटरवरच सांगा. लोक नेमकं हेच सांगायचं विसरतात, आणि पहिल्यांदा ते हातात धरणारा मी असतो.