जुन्या जीपचं इंजिन बदलताना आधी हे तपासा

जुन्या महिंद्रा एमएम 540 मध्ये दुसरं इंजिन बसवताना जीव मेटाकुटीला येतो तो गिअरबॉक्सशी जोड जमवताना. इंजिन चेनब्लॉकला (साखळीच्या कप्पीला) टांगण्याआधीच नवी क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून बघा, दात जुळायलाच हवेत. शाफ्टचं टोक क्रँकमधल्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यातल्या) पायलट बेअरिंगमध्ये, म्हणजे त्या टोकाला आधार देणाऱ्या छोट्या बेअरिंगमध्ये, ढिलं नको, घट्टही नको. मी हे आधी पाहिलं नाही आणि गिअरबॉक्स तीनदा उतरवावा लागला. फार मनस्ताप झाला. मग इंजिन जागेवर धरून पुढचा एक्सल जॅकने बंप स्टॉपला (एक्सल वर येऊन जिथे अडतो त्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत उचला. डिफरन्शियल (एक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा) ऑइल चेंबरला, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला, लागत नाही याची खात्री झाल्यावरच इंजिनचे माउंटिंग (आधाराचे ब्रॅकेट) वेल्ड करा. आणि आरटीओची परवानगी कामाला हात लावण्याआधी घ्या, नंतर नाही.