चार वर्षांच्या पायांनी इमॅजिका: पहिल्या थीम पार्क सहलीची आखणी

थीम पार्कला निघालेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एवढे पैसे मोजलेत, आता वसूल करूनच निघायचं." कॉलेजातल्या पोरांनी हे खुशाल म्हणावं. सोबत तीन, चार, पाच वर्षांचं मूल असेल तर मात्र याच हट्टापायी दुपारपर्यंत सहलीचं वाटोळं होतं. आमचं झालं होतं. पहिल्या खेपेला एका पार्कात दुपारी अडीच वाजता लेक जमिनीवर आडवी पडून भोकाड पसरून रडत होती, आजी तिला पंख्याने वारा घालत होती, आणि आम्ही नवरा-बायको नकाशावर कुठल्या राइड राहिल्या ते मोजत होतो. पुढच्या वर्षी निम्मंही बघितलं नाही आणि चौघंही हसत घरी आलो.

उदाहरणादाखल खोपोलीजवळचं इमॅजिका धरते, कारण मुंबई-पुण्याकडच्या बहुतेक घरांची पहिली खेप तिथेच होते. आमच्या लहानपणी हा मान गोराईच्या एस्सेलवर्ल्डचा होता, लाँचमधून खाडी ओलांडून जायचं म्हणजे अर्धी मजा तिथेच. 1989 साली सुरू झालेलं ते पार्क 2022 मध्ये बंद पडलं. इमॅजिका 2013 चं. मुंबईहून साधारण 75-80 किलोमीटर, पुण्याहून 90 च्या आसपास, खोपोली-पाली रस्त्यावर.

पहिलं काम: मंगळवार शोधा

बालवाडीतल्या मुलाचा एक फायदा आपण विसरतो: त्याची शाळा बुडाली तरी काही बिघडत नाही. पहिलीत गेलं की सुट्ट्यांच्या गर्दीतच जावं लागतं. म्हणून रजा टाकून मधल्या वारी जा. मंगळवार-बुधवारी जी रांग पंधरा मिनिटांत सरते ती शनिवार-रविवारी तासभर हलत नाही, आणि चार वर्षांच्या मुलाला रांगेत तासभर उभं करणं ही शिक्षा आहे, त्याला आणि पुढच्या-मागच्यांनाही. मधल्या वारी एखाद-दुसरी राइड दुरुस्तीसाठी बंद सापडू शकते. चालेल.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतला धरा, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा वगळून. घाटाच्या पायथ्याचं ते रायगडचं हवामान आहे: मार्च उजाडला की घामाच्या धारा, आणि जूनमध्ये पाऊस लागला की असा कोसळतो की उघड्यावरच्या राइड थांबवाव्याच लागतात. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार दिसतात हे खरं, पण ते बघायला पार्कचं तिकीट लागत नाही.

मग भिंतीपाशी उभं करून उंची मोजा

थीम पार्कात मुलाचं वय कोणी फारसं विचारत नाही, उंची विचारतात. तिकीट फुकट, लहान मुलाचं की मोठ्याचं, हे उंचीवर ठरतं आणि कुठल्या राइडमध्ये बसता येईल हेही. निघण्याच्या आठवडाभर आधी मुलाला भिंतीला टेकवून उभं करा, डोक्यावर सपाट पुस्तक ठेवा, पेन्सिलीने खूण करा, टेपने मोजा. मग पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडपुढे लिहिलेली अट बघा.

ही मोजणी मुलाला सांगून करा. "या खुणेपेक्षा उंच मुलांची ती गाडी, तुझी ही" असं घरी शांतपणे कळलेलं मूल रांगेच्या तोंडाशी रडत नाही. अर्धा तास थांबून, दारातली उंचीची पट्टी लागून, परत फिरावं लागलं की जो आक्रोश होतो तो पट्टीवर बोट ठेवणाऱ्या बिचाऱ्या कर्मचाऱ्यालाही ऐकवत नाही. आणि बुटात कागद कोंबून उंची वाढवणाऱ्या पालकांविषयी काय बोलावं! राइडच्या सीटवर मुलाला धरून ठेवणारा आडवा दांडा त्या उंचीच्या शरीरासाठी बसवलेला असतो.

राइडची यादी तीनच

तीन. घरातल्या मोठ्यांना हा आकडा पटत नाही, पण टिकून राहा. एक फिरणारी, एक पाण्याची किंवा गाडीसारखी, एक बसून बघायची. बाकी जे होईल ते वरकड. मूल आवडलेल्या गोष्टीवर पुन्हा पुन्हा बसतं. आमची लेक मॅजिक कॅरोसेलच्या घोड्यांवर पाच वेळा बसली, दर वेळी वेगळा रंग निवडून. टबी या हत्तीच्या नावाची छोटी उडती राइड आहे, तीही या वयाला झेपते.

नायट्रो, स्क्रीम मशीन, उंचावरून खाली सोडणारी डी टू ही मोठ्यांची. आईबाबांपैकी एकाला फारच हौस असेल तर एकाने बसावं, दुसऱ्याने मुलाला सांभाळावं, मग अदलाबदल. दोघांनी एकदम जाऊन मूल आजीवर सोपवायचं असेल तर आजीला आधी विचारा. तिलाही कुठेतरी बसायचं असेल.

अंधाराची चौकशी सर्वांत आधी करा. या वयात खोटं भूत आणि खरं भूत यांत फरक नसतो. सलीमगढसारखी भुताची राइड उंचीच्या अटीत बसली तरी टाळा. रॅथ ऑफ द गॉड्समध्ये आग, पाणी आणि मोठा आवाज एकत्र येतात, तिथेही विचार करून जा. अलीबाबाच्या गुहेत नेम धरून बंदूक चालवायची असते, तेव्हा अंधार असूनही बरीच मुलं हातातल्या बंदुकीपायी भीती विसरतात. राजासॉरस ही डायनासोरची पाण्यातली राइड उंची भरली तरच. पण घरी गोष्ट जरूर सांगा: राजासॉरस हा खराच आपल्याकडचा डायनासोर, गुजरातेत रहियोलीला त्याचे अवशेष सापडले आणि 2003 साली शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं. पाच वर्षांच्या मुलाला राइडपेक्षा ही माहिती जास्त दिवस पुरते.

मोठाल्या मुखवट्यातली, हात हलवणारी पात्रं बघून मूल तुमच्या पायामागे लपलं तर फोटोसाठी पुढे ढकलू नका. लांबून टाटा करू द्या. दिवस संपेपर्यंत बहुधा तेच जवळ जातं.

मुक्काम आदल्या रात्रीचा

आखणीत सगळं यावरच अडतं. पार्क सकाळी उशिरा उघडतं. मूल उठतं सातला, जेवतं बाराला, झोपतं एकला. म्हणजे पहाटे ठाणं किंवा पुणं सोडून, गाडीत दोन तास कंटाळून तुम्ही दारात पोचता तेव्हा त्याचा अर्धा दिवस सरलेला असतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून 10 ते 13 तास झोप लागते. ती सहलीच्या दिवशीही लागते.

म्हणून आदल्या संध्याकाळी जाऊन राहा. पार्कला लागूनच मोठं हॉटेल आहे, पण खिशाला ते जड वाटलं तर खोपोली, खालापूर, कर्जत या बाजूला घरगुती जेवण देणारी साधी ठिकाणं मिळतात. लोणावळ्याला राहू नका: सकाळी घाट उतरून यावं लागतं, आणि घाटातल्या वाहतुकीचा भरवसा कोणी देऊ नये. पार्काजवळ राहण्याचा खरा लाभ दुपारी कळतो, मुलाला दोन तास खोलीत झोपवून परत येता येतं. बाहेर पडून पुन्हा आत येण्याचा नियम मात्र तिकीट काढतानाच विचारून घ्या.

लोकलने जायचं तर कर्जतहून खोपोलीची गाडी आहे. त्या फाट्यावर गाड्या कमी, वेळापत्रक बघून निघा, पुढे रिक्षा. स्वतःच्या गाडीने गेलात तर मूल मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या खुर्चीत पट्ट्यानिशी. एक्स्प्रेसवेवर पुढे बसून मांडीवर मूल घेतलेले बाबा अजून दिसतात, बघून पोटात गोळा येतो. घाटात मोबाइल हातात देऊ नका, खाली बघत राहिलं की मळमळतं. प्लॅस्टिकची पिशवी आणि जुना टॉवेल हाताशी ठेवा, डिकीत नव्हे.

पिशवीत काय

कपड्यांचे दोन जोड, आणि आईबाबांसाठी एकेक जास्तीचा टी-शर्ट (पाण्याच्या राइडनंतर ओलं मूल कोणाच्या कडेवर बसतं?). टोपी. सवयीच्या चपला, कारण नवे बूट नेमके त्याच दिवशी चावतात. नेहमीचं तापाचं औषध, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेची चिठ्ठी लावून. ओआरएस: मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, ती पाण्याच्या छोट्या बाटलीत ओतून चालत नाही, तेव्हा पुडीवरचं माप वाचा. झोपताना लागणारं मळकं पांघरूण किंवा बाहुली विसरलात तर बाकी सगळी तयारी व्यर्थ.

घडीची बाबागाडी न्याच, मूल "आता मोठं झालंय" असं वाटलं तरी. घराजवळच्या बागेत दौडणारं मूल इथे तिसऱ्या तासाला "उचल" म्हणतं. आणि बाबागाडीत ते झोपतं, पिशव्याही मावतात.

खाण्याचं सामान आत नेऊ देत नाहीत. लहानग्यांचं खाणं आणि औषधं यांना सहसा सूट असते, तरी फोन करून विचारा. आमचा उपाय असा: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, केळी गाडीत ठेवायची, सकाळी आत जाण्याआधी पोटभर खाऊ घालायचं, आत फक्त एक जेवण. मुलाला आत जे हवं असतं ते आइस्क्रीम आणि फ्रेंच फ्राइज. एक दिवस खाऊ दे.

पार्कातला दिवस

दार उघडायच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. आत शिरल्याबरोबर यादीतली सर्वांत आवडती राइड, फोटो नंतर. बाराच्या आत जेवण उरका. बारानंतर सगळेच जेवायला येतात. जेवणानंतर वातानुकूलित जागेत बसून बघायचा एखादा खेळ, आणि त्यानंतर झोप, खोलीत नाहीतर बाबागाडीत सावलीला. या दीड-दोन तासांत मोठ्यांनी आपली राइड करून घ्यावी. चार वाजता ऊन कलतं, मूल ताजं असतं, तोवर घाई करणारी माणसं दमलेली असतात. संध्याकाळच्या मिरवणुकीची त्या दिवशीची वेळ सकाळीच दारापाशी विचारून ठेवा.

दर तासाला शू. "नाही आली" म्हटलं तरी न्यायचं. हात सुकवायच्या यंत्राच्या आवाजाला कित्येक मुलं घाबरतात आणि मग दिवसभर तिकडे फिरकत नाहीत. खिशात रुमाल ठेवा, यंत्राला हात लावू नका.

वॉटर पार्क आणि स्नो पार्क शेजारीच असले तरी त्यांचं तिकीट वेगळं, आणि जोडतिकीट बघून मोह होतो. एका दिवसात एकच पार्क. वॉटर पार्कला जायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी, दोन तास, मुलांच्या उथळ पाण्यात, आणि पोहण्याचा नायलॉनचा पोशाख घरूनच. सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत.

हरवलं तर

मूल हरवणार नाही या भ्रमात राहू नका, माझं सात मिनिटं हरवलं होतं. सकाळी निघताना मुलाचा पूर्ण फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांसकट. दंडावर बॉलपेनने दोन्ही फोन नंबर लिहा, घामाने पुसट झाले की पुन्हा गिरवा. कपडे भडक, पिवळे नाहीतर नारिंगी.

घरी आठ दिवस तालीम घ्या: "आईचं नाव काय?" बहुतेक मुलं "आई" एवढंच सांगतात. आईबाबांचं पूर्ण नाव पाठ करून घ्या. "आम्ही दिसलो नाही तर जागेवरच उभं राहायचं, मोठ्याने आमचं नाव घ्यायचं, आणि गळ्यात ओळखपत्र असलेल्या काकांना किंवा मावशींना सांगायचं." पार्कात शिरल्यावर असे एक काका दाखवाही. तुम्ही शोधताना एकाने जागा सोडायची नाही, दुसऱ्याने थेट जवळच्या कर्मचाऱ्याला गाठायचं. चाइल्डलाइनचा 1098 आणि आणीबाणीचा 112 फोनमध्ये असू द्या.

निघायचं केव्हा

मूल हसत असताना. हे सर्वांत अवघड, कारण तेव्हाच वाटतं की अजून एक होईल. "आणखी दोन घोडे, मग गाडी" असं आधी सांगा आणि दोनच करा. परतताना पाळण्याकडे बघून मोठ्यांनी हळहळ करू नये, मुलं लगेच तो धागा पकडतात.

दुसऱ्या दिवशी लगेच घर गाठायची गरज नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर आहे आणि खोपोलीजवळ महडचा वरदविनायक, अष्टविनायकांतले दोन गणपती एका सहलीत होतात. आमच्या आजींनी तर पार्कचं तिकीट नाकारून पालीसाठीच होकार दिला होता. तिथल्या देवळात लेकीने पुजाऱ्यांना पहिला प्रश्न विचारला तो उंचीचा: "इथे किती उंच लागतं?"