परतीच्या पावसात फुलांचे कंद लावताय? या चुका टाळा

गणपती झाले की कोकणात कंदांची पार्सलं यायला लागतात. कोणी ऑनलाइन मागवतं, कोणी मुंबईहून येणाऱ्याला आणायला सांगतं, ग्लॅडिओलस, अ‍ॅमरेलिस लिली, नर्गिस असं काय काय घरात येऊन पडतं आणि मग धीर धरवत नाही, पार्सल फुटलं की दुसऱ्या दिवशी खड्डे तयार. मग हस्ताचा पाऊस कोसळतो, पंधरा-वीस दिवस वर काहीच दिसत नाही, उकरून बघावं तर कंदाच्या जागी घाण वास मारणारा लगदा. आणि रिव्ह्यू काय टाकायचा, तर "बल्बच खराब पाठवले". बऱ्याचदा बल्ब ठणठणीत असतात हो, घाई नडते.

सगळ्यात मोठा घोळ करतात ते परदेशातले व्हिडिओ. त्यात सांगतात सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा, ते त्यांच्यासाठी बरोबरच आहे कारण तिकडे तेव्हा माती गार पडत आलेली असते आणि गार मातीत बुरशी हळू वाढते. आपल्याकडे त्याच महिन्यात माती गरमही असते आणि ओली गच्चही, म्हणजे बुरशीची दिवाळीच. कंद झोपलेला असतो, त्याला मुळं नसतात, तो पाणी पिऊच शकत नाही, त्याला मातीत हवा लागते आणि भरलेल्या मातीत नेमकी तीच नसते.

तर कधी लावायचे? मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडून जातो पण कॅलेंडरवर जाऊ नका, 2019 मध्ये क्यार वादळाने ऐन दिवाळीत कापलेलं भात भिजवलं होतं ते आठवा. मातीवर जा. कंद लावायच्या खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबा, मूठ उघडा आणि गोळ्याला अंगठ्याने टोचा. गोळा फुटून भुगा झाला तर लावा, नुसता खळगा पडला आणि हात चिकट झाला तर अजून आठवडाभर थांबा. तोपर्यंत कंद पार्सलच्या प्लास्टिकमधून बाहेर काढून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत सावलीत, वारा लागेल असे टांगून ठेवा. उन्हात वाळवायला नको, ऑक्टोबर हीटमध्ये भाजून निघतात. ग्लॅडिओलस ऑक्टोबरच्या शेवटाला किंवा नोव्हेंबरात लावला तरी जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, काही बिघडत नाही. निशिगंधाचे कंद आले असतील तर ते आत्ता लावायची गरजच नाही, उन्हाळ्यात बघू.

जागा. घराच्या कडेने छान रांग दिसते म्हणून लोक बरोब्बर पागोळ्यांच्या रेषेत कंद लावतात. ती रेष बघितलीयत का कधी नीट? पावसाळाभर कौलावरचं पाणी पडून तिथली माती धुपून खडी वर आलेली असते, आणि एक जरी सर आली तरी सगळ्या छपराचं पाणी त्याच पट्ट्यात. तिथून हातभर तरी पुढे या. जांभ्याच्या मातीतून पाणी पटकन झिरपतं हे खरं, पण खाली वीतभरावर कातळ असला तर ते जाणार कुठे? रात्री फूटभर खड्डा करून पाण्याने भरा, सकाळी पाणी तसंच दिसलं तर तिथे सपाट लावू नका, सहा-आठ इंच उंच गादीवाफा करा आणि बाजूने चर काढा.

मातीत काय मिसळायचं यात तर प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. समुद्राची वाळू आणू नका, मीठ असतं त्यात. नदीची जाड वाळू किंवा भाताचं तूस चालतं. कुंडीच्या तळाला नारळाची सोडणं घालायची आपल्याकडे सवय आहे, उन्हाळ्यात ती उत्तम, पण या दिवसात ती पाणी धरून बसतात आणि कोकोपीटचंही (त्याच सोडणांचा भुसा) तेच. तळाला खडी घातली की पाणी निघतं हाही गैरसमज, पाणी खडीच्या वरच्या मातीत अडकून राहतं, त्यापेक्षा कुंडीचं भोक मोकळं आहे ना ते बघा. आणि कच्चं शेणखत अजिबात नको, मुळं खाणारी हुमणी अळी येते.

खोली सगळ्यांना सारखी नाही. ग्लॅडिओलस तीन-चार इंच खाली, अ‍ॅमरेलिसची मान (कंदाचं वरचं निमुळतं टोक) आणि वरचा थोडा भाग मात्र मातीच्या वर राहिला पाहिजे, मानेत पाणी साचलं की तिथूनच कुजायला सुरुवात.

औषधाचं एक सांगतो. कंद कार्बेन्डाझिममध्ये बुडवून काढतात आणि लगेच खड्ड्यात ट्रायकोडर्माही घालतात, डबल सेफ्टी म्हणून. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे आणि ते औषध बुरशी मारतं! दोन्हीतलं एकच करा.

आता ज्यांनी लावून टाकलेत आणि वर पाऊस सुरू आहे त्यांनी काय करायचं? एकच कंद हलक्या हाताने उकरा आणि बूड दाबून बघा. घट्ट आणि पांढरट असेल तर परत ठेवा, माती उंच ओढा, वर तात्पुरता पत्रा किंवा प्लास्टिक तिरकं लावा, बाजूने हवा खेळेल असं. बूड मऊ, तपकिरी आणि वास येत असेल तर फेकून द्या, खतखड्ड्यात नको. शेजारचे सगळे काढून, नासका भाग स्वच्छ सुरीने पार पांढरं लागेपर्यंत कापून, दोन-तीन दिवस सावलीत वाळवा आणि दुसऱ्या जागी लावा.

ट्युलिपबद्दल विचारणारे असतातच. त्याला बारा-चौदा आठवडे फ्रिजएवढी थंडी लागते, श्रीनगरच्या बागेत ती फुकट मिळते, मालवणात नाही. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर केळी, सफरचंद, चिकू शेजारी नको, पिकणाऱ्या फळांच्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. एवढं करून फूल आलंच तर आठवडाभर, आणि पुढच्या वर्षी तो कंद बहुधा काही देत नाही. मी तरी त्यापेक्षा नर्गिस लावेन, त्या पांढऱ्या घोसवाल्या जातीला थंडी द्यावी लागत नाही.

गोगलगायींवर मीठ टाकू नका, माती खराब होते, रात्री बॅटरी घेऊन वेचा. साळिंदर येत असेल तर कंदांवर कोंबड्यांची जाळी अंथरून कडेने चिरे ठेवा. आणि जुन्या अ‍ॅमरेलिसची पानं हिवाळ्याच्या तोंडावर पिवळी पडली तर घाबरून युरिया आणि बादलीभर पाणी नको, आधी मान दाबून बघा, घट्ट असेल तर झाड विश्रांतीला निघालंय. पाणी कमी करा, पानं आपोआप वाळू द्या, आणि दांड्याचं टोक वर दिसलं की परत पाणी सुरू करा.